वाघाचा सुळा आणि खवलीचा जोड

एका जंगलात, मुलांनो, सगळे फार सुखात होते. कारण तिथल्या वाघाचा सुळा मोडला होता.

म्हशीचे हाड चावताना तो मोडला. तेव्हापासून महाराज पेज पीत. हरणे पाणवठ्यावर अगदी पुढे उभी राहत आणि महाराजांना तब्येत विचारत.

अशा या सुखी जंगलात खवली परत आली. खवली म्हणजे खवले मांजर. सात समुद्रांपलीकडे जाऊन ती चिनीमाती धातूला जोडायची विद्या शिकली होती. ही विद्या मायभूमीच्या चरणी वाहायची, असे तिने परतीच्या वाटेवरच ठरवले होते. मायभूमीला काय हवे आहे, हे विचारायचे तेवढे राहून गेले.

"महाराजांना सुळा नाही?" ती कळवळली. "मी चिनीमातीचा करते. धातूच्या खिळ्यावर बसवते. खिळा जबड्यात."

भेकर आत्याने तिला बाजूला घेतले. "पोरी, तुझ्या तोंडात एकही दात नाही. तुझं काही अडलंय का?"

"आत्या, प्रश्न विद्येचा आहे."

"मग जोड जरा कच्चा ठेव."

"कच्चा जोड आमच्यात बसत नाही," खवली म्हणाली आणि कामाला लागली.

साधा डाख, म्हणजे जोडासाठी वितळवायचा धातू, चिनीमातीवर ठरत नाही. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा घरंगळतो. म्हणून खवलीने डाखात चिमूटभर टायटॅनियम घातले. ते चिनीमातीला घट्ट धरते. मग भट्टीतली हवा काढली, आच वाढवली. डाख वितळला. खिळा आणि सुळा एकजीव झाले.

"आता उद्यापर्यंत भट्टीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "निवताना धातू जास्त आकसतो, चिनीमाती कमी. घाई केली तर जोडाशेजारी चिनीमाती तडकते."

"मुहूर्त आजचा आहे," प्रधान तरस म्हणाला.

"पण शास्त्र सांगतं की..."

"शास्त्र बघूनच काढलाय."

भट्टी उघडली. सुळ्यावर गुलाबपाणी शिंपडले. चर्र झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खवलीने सुळा उजेडात धरला. जोडाच्या जरा वर केसाएवढी चीर होती.

"महाराज, हा बसवू नका. मोडेल."

"जोड मोडेल?"

खवलीला खोटे बोलता येत नव्हते. तेवढे ती परदेशात शिकली नव्हती. "जोड नाही. जोड पक्का आहे."

"मग बसव."

तिने बसवला. महाराजांनी जीभ फिरवून पाहिली. "पक्का आहे हे कशावरून?"

"ताण देऊन बघावं लागतं, महाराज. तुटेपर्यंत."

"कशावर?"

हरणांना एकदम घरची कामे आठवली. उरलेले सगळे खवलीकडे बघू लागले.

"करणाऱ्याचा आपल्या कामावर विश्वास हवा," तरस म्हणाला.

खवलीने अंगाची गुंडाळी केली. महाराजांनी तिला उचलले आणि कचकचून चावा घेतला.

कट्ट.

खवलीने आतल्या आत चाचपून पाहिले. जीव जागेवर होता. एक खवला गेला होता.

"मोडला!" महाराज गरजले.

"काय मोडलं ते बघा, महाराज," गुंडाळीतून आवाज आला. "जोड बघा."

तरसाने महाराजांच्या तोंडात डोकावले. खिळा ताठ उभा होता. त्याला चिनीमातीची कपची चिकटलेली होती. "खरंय, महाराज. जोड शाबूत आहे. फक्त सुळा नाही."

महाराजांनी विचार केला. त्यांनी विचारले होते ते जोडाबद्दलच. "मग जोडाचा सत्कार करा."

खवलीला शाल मिळाली, नारळ मिळाला. भेकर आत्याने तिची अलाबला घेतली. "पोरी, जंगलाचं नाव काढलंस."

"दुसरा सुळा कधी?" महाराजांनी विचारले.

काय करायचे, ते खवलीला नेमके ठाऊक होते. मध्ये मऊ तांब्याचा पातळ पत्रा घालायचा आणि भट्टी सावकाश निवू द्यायची. तसा सुळा जन्मभर टिकला असता. सगळी विद्या तिच्या ओठांवर आली.

"चाचणी याच पद्धतीनं?" तिने विचारले.

"पद्धत चांगली आहे," तरस म्हणाला.

"मग प्रधानजी," खवली म्हणाली, "मुहूर्त होईल तितका लवकरचा काढा. आणि गुलाबपाणी सढळ हातानं शिंपडा."

तात्पर्य : जोड नेहमी पक्काच करावा. भट्टी किती निवू द्यायची, हे मात्र सुळा कुणाच्या तोंडात बसणार ते पाहून ठरवावे.