दिगंबररावांचा पावसाळी मुक्काम

दिगंबरराव टेंब्यांनी दाराला कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि त्याखाली सुवाच्य अक्षरातला कागद चिकटवला. ‘ता. १७ ते २० आम्ही बाहेरगावी आहोत. बेल वाजवली तरी दार उघडणार नाही. याची खात्री करून घेण्यासाठी बेल वाजवू नये.’ दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला तोंडी सांगून झालं होतं, तरी त्यांच्यासाठी खाली एकेक ओळ वेगळी होती. नारायण पेठेतल्या माणसाला चार दिवस घर सोडायचं तर एवढं करावंच लागतं.

निमित्त होतं लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं. भर पावसात कुठल्या तरी खेड्यात जाऊन राहावं, ही आनंदीबाईंची जुनी हौस. ती लेकीने, सलोनीने, मनावर घेतली आणि जावईबापूंनी, म्हणजे आमोदने, पानशेतच्याही पुढे डोंगरात कुणा हिंमतरावांच्या शेतावरच्या खोल्या ठरवून टाकल्या. दिगंबररावांची नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. चौतीस वर्षं त्यांनी पाऊस पाहिला तो रजिस्टरच्या रकान्यात, मिलिमीटरमध्ये, आणि तेवढा त्यांना पुरेसा वाटत होता.

मग नाही म्हणायचं होतं की सरळ! पण तशी सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. त्यांच्या खिडकीच्या बरोबर खाली महिपतीचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि त्याच्या फळीवर सकाळ-संध्याकाळ दहा-अकरा पेन्शनरांचा कट्टा भरायचा. तीन वर्षांपूर्वी कट्ट्यावरचे रावसाहेब पावसाळ्यात पाच दिवसांसाठी आंबोलीला गेले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारच्या जेवणाला घरी हजर झाले. दिगंबररावांनी तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं, ‘परतीचा पाऊस’. नाव इतकं चिकटलं, की औषधाच्या दुकानात रावसाहेबांना भलत्याच माणसानं त्या नावाने हाक मारली. आता दिगंबररावांनी जायचं टाळलं असतं किंवा लवकर परतले असते, तर तेच नाव व्याजासकट त्यांच्या गळ्यात पडलं असतं. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कट्ट्यावर जाहीर केलं, “चार दिवस म्हणजे चार दिवस. आपण काही परतीचा पाऊस नाही.”

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

हिंमतरावांच्या शेतावर पोचेपर्यंत दिगंबररावांचे मोजे ओले झाले होते. संध्याकाळपर्यंत बॅगेतले कोरडे मोजेही ओले झाले, आणि ते तर बॅगेतून बाहेरसुद्धा काढले नव्हते. टॉवेल वाळेना. अंथरुणाला कुबट वास. पेपर मिळेल का, म्हणून विचारलं, तर कालचा उद्या मिळेल असं कळलं. आमोद मात्र दर पंधरा मिनिटांनी छाती भरून श्वास घ्यायचा आणि ‘काय प्युअर एअर आहे ना बाबा’ म्हणायचा. दिगंबरराव मान हलवायचे. चाळीस वर्षांचा संसार झालेल्या माणसाला मान हलवायची सवय असते.

हेही एक वेळ चाललं असतं. पण दुपारी एक ते चार ही दिगंबररावांची झोपेची वेळ, आणि वर पत्र्याचं छप्पर. त्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता, की शेजारच्या खाटेवरून आनंदीबाई काय म्हणाल्या तेही ऐकू येईना. अडीच वाजता ते उठून तोंड धुवायला न्हाणीत गेले, तर तिथे मोरीच्या तोंडाशी भलामोठा खेकडा बसला होता. नांग्या वर करून त्याने दिगंबररावांकडे पाहिलं. दिगंबरराव तोंड न धुताच बाहेर आले आणि त्यांनी हिंमतरावांना बोलावलं.

हिंमतरावांनी वाकून पाहिलं. “त्यो व्हय? त्यो काय करीत न्हाई. पावसाळ्यात हितंच आसतो. त्याचीच जागा हाय ती.”

“मग आम्हाला कशाला दिलीत?” दिगंबररावांनी विचारलं.

हिंमतराव खूश होऊन हसले आणि पाव्हणं लई गमतीशीर हाय असं सुनेला सांगायला आत गेले.

दिगंबररावांचा निश्चय झाला तो तिथे, न्हाणीच्या उंबऱ्यावर. घरी जायचं. पण कट्ट्याला कळता कामा नये आणि आनंदीच्या हौसेवर पाणीही पडता कामा नये. ती बिचारी व्हरांड्यात बसून धुक्याकडे इतक्या कौतुकाने बघत होती, की त्यात मोडता घालणं त्यांच्या जिवावर आलं. रात्रीच्या जेवणात त्यांनी डावा गाल धरला. दाढ ठणकतेय म्हणाले. सकाळी ठणका वाढला. तुम्ही कोणी माझ्यासाठी तुमची मजा घालवू नका, मी एकटा जाऊन डॉक्टरांना दाखवतो, असं त्यांनी इतक्या त्यागाने सांगितलं, की सलोनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदीबाईंनी त्यांच्या गालाकडे जरा वेळ पाहिलं आणि जपून जा एवढंच म्हणाल्या. हिंमतरावांच्या दुधाच्या टेम्पोतून खडकवासला, तिथून बसने स्वारगेट, आणि पुढे रिक्षा. रिक्षात बसून पहिला हॉर्न कानावर पडला तेव्हा दिगंबररावांच्या जिवात जीव आला.

रिक्षा त्यांनी मागच्या बोळात सोडली. छत्री नाकापर्यंत ओढून मागच्या जिन्याने वर चढले आणि मागच्या दाराने स्वतःच्या घरात चोरासारखे शिरले. पुढच्या दाराला कुलूप तसंच, कागद तसाच. बेत पक्का होता. रविवार संध्याकाळपर्यंत घरात गपचूप राहायचं आणि मग बॅग घेऊन राजरोस परतायचं.

पलंगावर कोरडी चादर होती. एक ते चार ते असे झोपले, की उठल्यावर वार कोणता हे आठवायला वेळ लागला. उठून चहा करायला गेले, तर दूध नाही. दूध बंद करायला त्यांनीच सांगितलं होतं, लेखीसुद्धा. पेपरही नाही. पाच वाजता खिडकीखाली कट्टा भरला आणि मग त्यांना खरी अडचण कळली. खालचं बोलणं वर शब्दन् शब्द ऐकू येत होतं, म्हणजे वरचंही खाली जाणार होतं. त्यांनी भाताला चढवलेला कुकर शिट्टीच्या आत उतरवला आणि भात पातेल्यात काढला. दोन शिंका उशीत दिल्या. संडासाची साखळी ओढायचीही चोरी झाली. खाली कुणीतरी महापालिकेबद्दल धडधडीत चुकीची माहिती देत होतं, आणि ती दुरुस्त करायला खिडकीतून डोकं काढता येत नव्हतं. तेवढ्यात नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला. या सरावाच्या विरोधात दिगंबरराव दरवर्षी वर्तमानपत्राला पत्र लिहायचे. त्या संध्याकाळी मात्र त्या दणदणाटात त्यांनी साखळी ओढली, कुकर पुन्हा चढवून त्याला शिट्टी होऊ दिली आणि मनसोक्त खोकून घेतलं.

तेवढ्यात फोनवर कट्ट्याच्या ग्रुपवर रावसाहेबांचा निरोप आला, ‘दिगंबरपंत, मुक्काम कसा? फोटो नाहीत?’

दिगंबररावांकडे आदल्या दिवशीचे सहा फोटो होते. पैकी तीन पाठवण्याजोगे. ते त्यांनी पुरवून पुरवून वापरले, पण शनिवारी सकाळी तेही संपले आणि कट्ट्याची भूक तर वाढलेली. मग त्यांनी मागच्या गॅलरीतून इमारतीच्या भिंतीवरच्या शेवाळाचा अगदी जवळून फोटो काढला. पाइपाच्या सांध्यातून उगवलेल्या नेच्याचा काढला. गॅलरीत ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या पागोळ्यांचा काढून त्याखाली लिहिलं, ‘झरा’. ग्रुपवर नुसता आनंद झाला. काय हिरवं आहे, काय शांतता असेल, पंत तुम्ही भाग्यवान, असे निरोपांवर निरोप. ज्या नेच्याबद्दल सोसायटीच्या सभेत दोनदा भांडण झालं होतं, त्याचं रावसाहेबांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं.

दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या दाराची कडी हळूच वाजली. हाताला लागलं ते लाटणं घेऊन दिगंबरराव दारामागे उभे राहिले. किल्ली फिरली, दार उघडलं आणि ओली पिशवी घेऊन आनंदीबाई आत आल्या. त्यांनी आधी चपला हातात घेतल्या, मग दार न वाजवता लावलं.

“लाटणं ठेवा,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “दाढ कशी आहे?”

“ठणकते अजून.” दिगंबररावांचा हात आपोआप गालावर गेला.

“डावीकडची दाढ दोन वर्षांपूर्वीच काढलीय तुमची. मीच होते बरोबर.”

दिगंबररावांनी हात खाली घेतला. मग त्यांनी अपराधी चेहऱ्याने विचारलं, की माझ्यापायी तुझी हौस अर्धवट राहिली ना?

“कसली हौस,” आनंदीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. “मला पाऊस बघायला आवडतो, त्यात राहायला नाही. पहिल्याच दिवशी कळलं. पण तुम्ही एवढे मान डोलवत होतात, म्हटलं कधी नव्हे ते खूश आहेत तर कशाला बोला. मग तुमची दाढ दुखली आणि देवच पावला.”

सकाळी यांचं दुखणं वाढलंय, मला जायला हवं, असं त्या सलोनीला सांगायला गेल्या. वाक्य पुरं व्हायच्या आत आमोद गाडीत बॅगा भरायला लागला होता. त्याला दोन दिवस फोनला रेंज नव्हती आणि तो मनातून रडकुंडीला आला होता. सलोनीला म्हणे खेकड्याने पहिल्याच दिवशी गाठलं होतं. आई-बाबांना वाईट वाटेल म्हणून दोघं मूग गिळून बसली होती. आनंदीबाईंनी गाडी लांब कोपऱ्यावरच थांबवली, कारण आपला नवरा कट्ट्याच्या धाकाने लपून बसला असणार, हे त्यांना शेतावरच कळलं होतं.

पुढचा दीड दिवस कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. येणारंजाणारं कोणी नाही, बेल नाही, भाजी आणा नाही की बिल भरा नाही. बिनदुधाचा चहा आणि मेतकूट-भात. बोलायचं ते कुजबुजत, आणि कुजबुजत भांडता येत नाही हे त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदाच समजलं. काचेबाहेर पाऊस पडत होता आणि आनंदीबाई कोरड्या पायांनी तो पोटभर बघत होत्या. शनिवारी ढोल सुरू झाले तेव्हा त्यांनी त्या आवाजाच्या आडून कांद्याची भजी तळली. दिगंबररावांना मनापासून वाटलं, की आपल्या लग्नानंतरचे हे सगळ्यात सुखाचे दिवस आहेत, आणि ते त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा. त्या लाजल्या. रविवार कशाला उजाडला, असं दोघांनाही झालं.

रविवारी दुपारी चारला दोघं बॅगा घेऊन मागच्या बोळातून सटकली. लांबून रिक्षा केली, उगाच टिळक रस्त्याने फिरवून आणली आणि बरोबर साडेपाचला कट्ट्यासमोर उतरली. खरेपणासाठी दिगंबररावांनी मोजे नळाखाली धरून घातले होते. कट्टा उठून उभा राहिला. महिपतीने बॅग हातातून घेतली.

“काय सांगू तुम्हाला,” दिगंबरराव म्हणाले, आणि यात एक शब्दही खोटा नव्हता. “चाळीस वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. काय ती शांतता. जगापासून दूर. उठूच नये असं वाटत होतं.”

कट्टा भारावला. एवढे फोटो बघितल्यापासून आमचंही मन तिथेच लागलंय, असं दोघा-तिघांनी सांगितलं. आपणही जाऊ या सगळे, अशी टूम निघाली. दिगंबरराव उदारपणे जरूर जा म्हणाले. नाव राखलं होतं. आता फक्त जिना चढायचा आणि दूध सुरू करायला सांगायचं, एवढंच काम उरलं होतं.

रावसाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “मी आधीच ठरवून टाकलंय. सगळ्यांच्या खोल्या सांगितल्यात. येत्या गुरुवारी निघायचं. तुमच्या जावयांनी निघताना गावाचं नाव सांगितलं होतं ना, त्यावरून हिंमतरावांच्या घरच्या फोनचा नंबर काढला. काल सकाळी बोललो त्यांच्याशी. बराच वेळ बोललो.”

“काल?” दिगंबररावांच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. काल सकाळी ते गॅलरीत बादलीचा फोटो काढत होते.

“काल. ते सांगत होते, मंडळी गाडीत बसतायत म्हणून.” रावसाहेबांचा आवाज इतका मऊ होता, की मागच्या फळीवर तो पोचलाही नाही. “फार मोकळा माणूस. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. म्हटलं, पंतांचे फोटो चांगले येतायत, येऊ द्यावेत.”

दिगंबररावांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. आनंदीबाईंनी प्रसंग क्षणात ओळखला. हे येतील की, नक्की येतील, यांना तर फारच आवडलंय तिथलं, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, स्वतःला त्या आठवड्यात अजिबात जमणार नसल्याचं सांगून टाकलं आणि पिशवी उचलून जिन्याकडे वळल्या.

सगळा कट्टा कौतुकाने दिगंबररावांकडे बघत होता. त्यांनी मान हलवली. रावसाहेबांनी महिपतीकडून पेन मागून घेतलं आणि यादीत सगळ्यात वर दिगंबररावांचं नाव लिहिलं.

“तुमच्यासाठी तीच खोली ठेवायला सांगितलीय,” ते म्हणाले. “हिंमतराव म्हणाले, तुमचे तीन दिवस शिल्लक आहेत.”