पाणीपुरवठा विभागाचा ताओ

शिंप्याच्या दुकानासमोरची जलवाहिनी मंगळवारी सकाळी फुटली आणि त्याच सकाळी पाणीपुरवठा विभागाने एक पाश्चात्त्य चित्रपट पाहिला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो पुढे रीतसर जोडण्यात आला.

चित्रपट प्रशिक्षणाचा भाग असल्याने हजेरी सक्तीची होती. त्यात एक इंजिनियर नदीवर धरण बांधायला जातो आणि शेवटी नकाशे पाण्यात सोडून काठावर मांडी घालून बसतो. नंतर पाहुण्या व्याख्यात्यांनी त्यातला प्राचीन चिनी ताओ विचार उलगडून दाखवला. माणूस निसर्गाचा मालक नाही. पाण्याला आपली वाट ठाऊक असते. ओघाविरुद्ध काही न करणं हीच मोठी कृती. सभागृह गहिवरलं. आपण इतकी वर्षं जे करत आलो त्याला नाव आहे, हे कोणाला माहीतच नव्हतं.

दुपारी शिंपी अर्ज घेऊन आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"साहेब, पाणी उंबऱ्याला लागलंय. आत बिडाचं मशीन आहे, एकट्याला उचलत नाही. मोटरीत पाणी शिरलं की माझा धंदा बसलाच."

"पाणी कुठे चाललंय?" साहेबांनी डोळे मिटून विचारलं.

"माझ्या दुकानात!"

"म्हणजे उताराकडे. तो त्याचा स्वभाव."

"स्वभाव कसला, साहेब? पाइप तुमचा आहे!"

"तुमचा, माझा... इथेच माणूस चुकतो," साहेब हळहळले.

शिंप्याने दम घेतला. "तुमचं मला पटतं हो. कापड कसं पडतंय ते बघूनच कात्री चालवायची असते. त्याच्या मनाविरुद्ध गेलं की झोळ येतो. पण चालवावी लागते ना!"

साहेबांनी पहिली तीन वाक्यं टिपून घेतली. चौथं विषयाला सोडून होतं. अर्जावर शेरा पडला: 'ओघास वाव द्यावा.'

"अहो, करणार कधी म्हणाले?" घरी बायकोने विचारलं.

"न करणं सुरू केलंय म्हणाले."

"ते तर आधीपासूनच सुरू होतं!"

गुरुवारी डबक्यात बेडूक आले, शुक्रवारी बगळा. विभागाने पाहणी करून तिथे 'नैसर्गिक पाणवठा' जाहीर केला. निसर्ग अनादी असल्याने पाणी आधीचं ठरलं. दुकान जेमतेम बावीस वर्षांचं, म्हणून अतिक्रमण. तशी नोटीस लावायला तिघे जण शिडी घेऊन तासाभरात हजर झाले. काही न करण्याचं धोरण नोटिशीला लागू नव्हतं.

रविवारी बगळा पाहायला गर्दी लोटली. आत पाणी मोटरीच्या चार बोटं खाली होतं. शिंप्याने मशीनची एक बाजू कशीबशी टेबलावर टेकवली होती, दुसरी हातात होती.

"अहो दादा, जरा हात लावता का?"

"हलू नका हो काका! उडेल ना तो!" फोन सरसावलेला एक जण कुजबुजला.

मागच्या एका सहृदय गृहस्थांना मात्र राहवलं नाही. "काय हा कारभार!" ते म्हणाले. "यावर कोणीतरी खुसखुशीत लिहायला हवं."

तसं ते लिहून झालं आहे. आपण ते कोरड्या जागी बसून वाचलंत, एक-दोनदा हसलातही. ओघात कुठेही बाधा आलेली नाही. शिंप्याचे हात मात्र आता थरथरू लागले आहेत.