सगळ्यांना एकच स्थळ

वेबसाइट पळवणं म्हणजे माझ्या हातचा मळ! हे वाक्य मी छाती फुगवून मॅडमसमोर टाकलं. आमची कंपनी लग्नं जुळवते. साइट इतकी रडतखडत उघडायची, की तोवर माणसाचा लग्नावरचा विश्वास उडावा! मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत पळाली नाही, तर उद्यापासून हे काम माझा भाचा बघेल."

भाचा! ज्याला प्रिंटरमध्ये कागद घालता येत नाही, तो!

मी कामाला बसलो. दुखणं साधंच होतं. सर्व्हर दर वेळी आमचा कोड पहिल्यापासून वाचायचा, त्याचं स्वतःच्या भाषेत, म्हणजे बाइटकोडमध्ये, भाषांतर करायचा आणि मग हलायचा. मी बजावलं, "केलेलं भाषांतर जपून ठेव. मूळ कोड पुन्हा उघडलास तर याद राख!" शिवाय, एकदा शोधलेलं स्थळ साठवायचं आणि तशीच मागणी पुन्हा आली, की तेच काढून द्यायचं, अशीही सोय केली.

चाचणीसाठी एक खोटी मुलगी नोंदवली. तिला मुलगा हवा, म्हणून मीच उभा राहिलो. अविवाहित, डोक्यावर केस असतानाचा फोटो, आवड: स्वयंपाक. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत मी हजर!

"अहो, उडतेय की साइट!" मॅडम खूश झाल्या. भाच्याचा पत्ता कट!

तेवढ्यात फोनवर बसणाऱ्या बाई धावत आल्या. "सर, सगळ्या मुलींना तुम्हीच दिसताय!"

"काय?"

"मुलांनाही!"

कुठलं स्थळ कुणासाठी, हे साठवायचंच राहिलं होतं. कोड दुरुस्त केला. तरी मीच! फोटो काढून टाकला. तरी मीच, केसांसकट! सर्व्हर माझ्या दुरुस्तीकडे ढुंकून बघेना. मग डोक्यात प्रकाश पडला. मूळ कोड उघडायचा नाही, असा दम मीच दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं, तेही नेमकं आज!

शेवटी सर्व्हर बंद करून चालू केला आणि मी साइटवरून उतरलो. तोवर मॅडमनी भाच्याला फोन लावला होता. प्रिंटरमध्ये कागद घालायचं काम आता माझ्याकडे आहे.

मान खाली घालून जिना उतरतोय, तर बायकोचा फोन.

"अहो, आई धाकटीसाठी स्थळं बघत होती. तुम्ही कधीपासून अविवाहित?"

"अगं, ती चाचणी होती!"

"आणि स्वयंपाकाची आवड?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईशी बोला."

सासूबाई अगदी शांत होत्या. "जावईबापू, घाबरू नका. मी लगेच 'नापसंत'चं बटण दाबलं."

"फार उपकार झाले, आई!"

"उपकार कसले? मला तुम्ही तेव्हाही पसंत नव्हता. तेव्हा बटण नव्हतं, एवढंच."