सोनबाच्या खाटेची सावड

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, हृदयाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! रोग्याच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले, की आतलं सगळं मला स्वच्छ ऐकू येतं. रोग्याच्या तोंडाकडे बघायची गरजच पडत नाही. तोंडं फसवी असतात हो! कण्हत आलेला ठणठणीत निघतो आणि हसत आलेला चार दिवसांत आटोपतो. हृदय मात्र खोटं बोलत नाही!

"म्हणूनच परवा बाजारात माझ्या शेजारून सरळ निघून गेलात," असं आमची नलू म्हणते. "नळी गळ्यात असती तर ओळखलं असतंत!"

बायकोच्या असल्या बोलण्याकडे डॉक्टरानं लक्ष द्यायचं नसतं.

ही गोष्ट संस्थानी अमलातली. भोरच्या दवाखान्यात मी नुकताच लागलो होतो, तोही हंगामी. हंगामी माणसाची संस्थानी नोकरीत काय किंमत असते म्हणून सांगू? शिपाईसुद्धा त्याला बसल्या जागेवरून नमस्कार करतो! आमचे थोरले डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, "दीनानाथ, एखादी केस अशी करून दाखव की पुण्यापर्यंत नाव झालं पाहिजे. मग तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

झालं! तेव्हापासून मी प्रत्येक छातीकडे आशेनं बघू लागलो. पण भोरकरांच्या छात्या कमालीच्या धडधाकट. खोकला आणि खरूज यांपलीकडे कोणी जाईना.

आणि ऐन आषाढात हिर्डोशीहून सोनबा आला. आला म्हणजे आणला. घोंगडीची झोळी करून, तिच्यात दांडा घालून, भावांनी त्याला खांद्यावरून वाहून आणलं होतं. बरोबर त्याची आई धोंडाबाई आणि बायको रतनबाई. सोनबाला चार पावलं चालवत नव्हतं, पाय सुजून मुसळासारखे झाले होते आणि बोलताना दोन शब्दांनंतर धाप लागत होती.

मी नळी लावली, डोळे मिटले. लप-फुस्स-डप! लप-फुस्स-डप!

काय सांगू तुम्हाला! ते 'फुस्स' ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. रक्त उलटं फिरत होतं. अगदी पुस्तकातली केस! मला इतका आनंद झाला की रतनबाईकडे बघून मी हसलोच. ती बिचारी रडत होती.

"काय झालंया वो सायेब?"

"हृदयाची झडप बिघडलीय. पण घाबरू नका, मी आहे! मीठ बंद. दूध आणि अळणी भात. मी देतो ते औषध थेंब मोजून. आणि मुख्य म्हणजे विश्रांती. तीन आठवडे या खाटेवर पडून राहायचं."

"तीन आटवडे!" कोंडिबा म्हणाला. हा सोनबाचा मधला भाऊ. "सायेब, लावनी तोंडावर आलीया. रोपं तयार हायती."

"लावणी गेली खड्ड्यात! तीन आठवडे ही खाट मला रिकामी दिसता कामा नये! दिवसा नाही, रात्री नाही! समजलं?"

मंडळी बाहेर पिंपळाखाली जाऊन बसली. बराच वेळ खल झाला. मग कोंडिबा परत आला आणि गंभीरपणे म्हणाला, "चालंल सायेब. खाट रिकामी ऱ्हानार न्हाई. आमी शबुद देतो."

मला कोण समाधान वाटलं! खेडूत माणसाला दरडावून सांगितलं की कसं चटकन पटतं, असं मी त्या संध्याकाळी नलूला ऐकवलंसुद्धा.

दोन दिवस 'फुस्स' जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता, आत काळोख. सोनबा डोक्यावरून घोंगडी घेऊन पडला होता. मी छातीपुरती घोंगडी सारली, नळी लावली, डोळे मिटले.

लप-डप. लप-डप.

मी नळी झटकली. पुन्हा लावली. लप-डप! 'फुस्स' गायब! पाय चाचपले तर सूजही नाही. बोटभर जाडीची कातडी आणि वर चिखल!

"सोनबा, कसं वाटतंय?"

"लई झ्याक," घोंगडीतून आवाज आला. "पर भाताला मीट न्हाई."

मी धावतच थोरल्या डॉक्टरांकडे गेलो. "सर, झडप मिटली!"

"अरे, झडप अशी तीन दिवसांत मिटत नसते."

"माझ्या हातून मिटली!"

पुढं तर चमत्कारांची रांगच लागली. दोन दिवसांनी सोनबाच्या हृदयाचा एकेक ठोका चुकायला लागला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा असा वास येत होता की माझेच दोन ठोके चुकले! आणखी दोन दिवसांनी पाहावं तर ठोका पुन्हा नेमका, संथ, दणदणीत. घाटमाथ्यावरून रोज ओझी वाहणाऱ्या जवान गड्याचा असावा तसा. मी रात्रंदिवस विचार करून एक सिद्धांत बसवला. संपूर्ण विश्रांती दिली की आजारी हृदय पायरीपायरीनं तरुण होत जातं! तंबाखूच्या ठोक्यांची पायरी मला नीट बसवता येईना, पण सिद्धांतात एखादी पायरी अशी निसटती असतेच.

वॉर्डातल्या शिपायाला, कुंडलिकाला, मी रोज न चुकता विचारत असे, "काय रे, सोनबाची खाट भरलेली असते ना?"

"भरल्याली हाय सायेब," तो सांगे. "घटकाभर बी मोकळी न्हाई."

आता थोरले डॉक्टरही चळले. पुण्याला त्यांचे एक मित्र होते, हृदयाचे मोठे तज्ज्ञ. त्यांना यांनी कळवलं की आमच्या भोरात असं असं घडलंय, येऊन बघा. आणि एका सकाळी पुणेकर डॉक्टर स्वतःची मोटार घेऊन, रक्तदाबाचं पाऱ्याचं यंत्र पेटीत घालून, हजर झाले. तोंडावर मात्र 'भोरात काय घडणार' असा भाव. पुण्याहून निघतानाच तो लावून येतात!

थोरले डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "हे मान डोलावून गेले की तू आजच कायम."

आम्ही वॉर्डात शिरलो. सोनबा नेहमीसारखा डोक्यावरून घोंगडी घेऊन निपचित होता. मी खाटेशी उभा राहून घसा साफ केला.

"हा रोगी. वय चाळीस. शेतकरी. आला तेव्हा झडप गळकी, पाय सुजलेले. आणि आज याचं हृदय विशीतल्या पुरुषाला लाजवील असं झालंय! सर, आपण स्वतःच ऐका."

पुणेकरांनी घोंगडी बाजूला केली.

आत कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली, हातभर हिरवा चुडा भरलेली धोंडाबाई होती!

"अगं बया! इतक्यात आलं व्हय?" ती उठून पदर सावरत म्हणाली. "म्या म्हनलं दुपारच्याला येत्यात."

पुरुषांच्या वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून माना वर झाल्या. पुणेकर डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "विशीतला पुरुष हाच का?"

"आजी! सोनबा कुठाय?" मी ओरडलो.

"त्यो? घरला. बांदावर. आज माजी सावड हाय."

मग सगळा उलगडा झाला. आमच्या मावळात लावणी सावडीनं करतात. आज तुझ्या शेतात माझं माणूस राबलं, उद्या माझ्या शेतात तुझं. एखादा येऊ शकला नाही तर त्याच्या घरचं दुसरं कोणीही जातं. माणूस मोजायचा, तोंड नाही! मी खाट रिकामी ठेवू नका म्हटलं आणि मंडळींनी पिंपळाखाली बसून खाटेची सावड लावली! कधी धाकटा भाऊ भिमा झोपला, कधी कोंडिबा तंबाखू चघळत झोपला, कधी चुलतभाऊ गेनबा. आज वरच्या खाचरात लावणी, एकूण एक गडी तिकडे लागला, म्हणून म्हातारी आली.

"आणि औषध?" थोरले डॉक्टर किंचाळले. "औषध कोण पीत होतं?"

"अवशीद सोनबाला धाडत व्हतो की! येड्यावानी आमी कशाला पिऊ? दूदभात तेवडा झोपनाऱ्यानं खायाचा."

मी कुंडलिकावर ओरडलो, "तुला हे ठाऊक होतं?"

"व्हय सायेब."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी खाट भरल्याली हाय का इचारायचा. ती व्हती. मानूस कोन त्ये कदी इचारलंच न्हाई!"

थोरले डॉक्टर लालबुंद झाले होते. "दीनानाथ, तो माणूस संध्याकाळच्या आत या खाटेवर पाहिजे. तो स्वतः! नाहीतर कायम होणं विसर!"

"आणि जिवंत पाहिजे," पुणेकर शांतपणे म्हणाले. "गळक्या झडपेचा माणूस चिखलात वाकलाय. चला, मोटार काढतो."

धोंडाबाईला वाट दाखवायला पुढं बसवलं आणि आम्ही निघालो. हिर्डोशीचा रस्ता पावसाळ्यात रस्ता नसतोच. मोटार दोनदा रुतली, दोनदा मी ढकलली. सुरुवातीला माझ्या डोक्यात नोकरीच होती, खोटं कशाला बोलू? पण जसजसं गाव जवळ येऊ लागलं तसतसे मला त्याचे ते मुसळासारखे पाय दिसायला लागले आणि नोकरीचं भान सुटलं. हा माणूस चिखलात पालथा पडलेला दिसला तर? मला खरंच रडू येत होतं.

सोनबा बांधावर इरलं पांघरून बसला होता. कोपरापर्यंत हात चिखलानं भरलेले.

"राम राम डाक्टर!" म्हणाला आणि त्याला धाप लागली.

"तुला हलू नको म्हटलं होतं ना!"

"म्या हाललो न्हाई. ह्यांनी झोळीतनं आनला. व्हाळाचं पानी कंच्या खाचरात कदी सोडायचं त्ये मलाच ठावं हाय. मग हितं बसल्या बसल्या... चार मुटी लावल्या... बास."

मी तिथंच चिखलात गुडघे टेकले, नळी लावली. या वेळी मात्र डोळे उघडे ठेवले! लप-फुस्स-डप! लप-फुस्स-डप! पुणेकरांनीही ऐकलं. पाय चाचपले. औषधानं सूज निम्मी उतरली होती.

"निदान बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "रोगी तेवढा चुकला."

"सोनबा, चल. आत्ता. मोटारीतून."

सोनबा उठायला लागला, पण कोंडिबा आडवा आला. "थांबा सायेब. आमी तुमच्या खाटंवर मानसं दिली. म्या झोपलो, भिमा झोपला, गेनबा झोपला. म्हातारी आय झोपली, ती बी अळनी भात खाऊन! त्याची फेड कंदी व्हनार?"

"कसली फेड?"

"सावड म्हंजे सावड. दादा तुमच्याकडं आला तर हितं एक मानूस कमी पडनार. तुमी त्येवडं मानूस द्या."

मी मदतीसाठी पुणेकरांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा तो पुणेरी भाव प्रथमच गेला होता. पोट धरून हसत होते!

"त्यांचं म्हणणं रास्त आहे, डॉक्टर. मी रोग्याला घेऊन जातो, खाटेवर निजवतो, तपासतो. तुम्ही पाटलोण वर करा!"

सोनबानं भिमाला पाण्याच्या चार गोष्टी समजावल्या, म्हातारीनं त्याला मोटारीत आडवं केलं आणि मोटार गेली. माझा खरा रोगी एकदाचा खाटेकडे निघाला! त्या आनंदात मी बूट काढले, पाटलोण गुडघ्यावर दुमडली आणि खाचरात उतरलो. पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत गेलो. रतनबाईनं रोपांची एक मूठ माझ्या हातात दिली.

मंडळी, भाताची लावणी ही सोपी गोष्ट आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा वाकून बघावं! कंबर मोडते, पोटरीला जळू डसते, पाऊस मानेतून आत शिरतो. पण मीही हट्टाला पेटलो. डॉक्टर माणूस, हाताला कौशल्य आहे, रोप ते काय! एकेक काडी अशी नाजूकपणे रोवत गेलो की विचारू नका. एक सबंध ओळ पुरी केली, कंबरेवर हात ठेवून सरळ झालो आणि मोठ्या ऐटीत मागे वळून पाहिलं.

माझी सगळी ओळ पाण्यावर तरंगत बांधाकडे चालली होती!

रतनबाई त्या रोपांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"डाक्टर," ती जरा बिचकतच म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात तुमच्या बदली दुसरं कोन मिळंल का वो?"

"मिळेल की!" मी कंबर चोळत घाईघाईनं म्हणालो. "कुंडलिक आहे, माळी आहे. उद्या सकाळीच धाडतो लावणीला."

"न्हाई, न्हाई," ती म्हणाली. "लावनीचं आमी बगून घिऊ. म्या ह्यांच्या छातीसाटी इचारतीया."