चौसष्टच्या पायात अठरा

भेटल्यावर लोक तब्येत विचारतात. आमच्या शेजारचे रामदास आप्पा वय विचारतात, आणि तिथल्या तिथे ते कमी करून देतात.

आप्पा शहाद्याच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. मी त्यांना माझं वय एक्कावन्न सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याच पेपरच्या कोपऱ्यावर आकडे मांडले.

"दहाचे गठ्ठे कोणी सांगेल शे तुले? सतराचे बांध. तीन गठ्ठे, वर काहीच नही. तीनवर शून्य. तू तीसना शे, भो!"

"पण आप्पा, वय तर तेवढंच राहिलं."

"आकडा तोच राहस. पाया बदलना, की लिखानं बदलस."

माझ्या बायकोची सेहेचाळीस वर्षं त्यांनी विसाच्या पायात घालून सव्वीसवर आणली. त्या दिवसापासून आमच्या घरची भाजी वाटीभर तरी आप्पांकडे जाते. गल्लीतली सगळी म्हातारी माणसं आप्पांनी अशी तरुण करून टाकली आहेत. मला वाटायचं, रिकामपणचा उद्योग.

मागच्या महिन्यात आशाताई आरोग्याचे फॉर्म भरायला आल्या. मी आप्पांच्या ओट्यावरच बसलो होतो. आप्पांच्या पत्नी, माई, हल्ली बरंच विसरतात. आशाताईंनी वय विचारलं. माई झटकन म्हणाल्या, "अठरा."

आशाताईंना हसू आवरेना. खरं सांगतो, मीही हसलो. माईंचा चेहरा एकदम पडला. त्या पदराचं टोक चाचपू लागल्या.

आप्पा वर्गात उठावेत तसे उठले. "हासू नको, बेटा. बरोबर सांगी ऱ्हायनी ती. चौसष्टना एक गठ्ठा, वर आठ. एकवर आठ. अठराच शे ती."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "फॉर्मवर बहात्तर लिख. सरकारले दहानाच पाया समजस."

माईंनी मान वर केली. बरोबर उत्तर आलेल्या मुलीसारख्या दिसत होत्या.

आशाताई गेल्या, माईही आत गेल्या, तेव्हा मी विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पासष्टना पाया. काय अडचण शे?"

"आणि गल्लीतल्या बाकी सगळ्यांचं वय कमी करता, ते?"

"एकट्या तिन्हंच वय येगळं ऱ्हायनं, तर लोक हासतीन ना."

आप्पा पुढे म्हणाले, "एकच घोळ शे. आम्हनं लगीन व्हयनं, तवय ती एकोणीसनी व्हती. अठराव्या वर्षी ती माले वळखसच नही."

चार वाजले होते. आप्पा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, केस विंचरले आणि स्वतःच्याच घराची कडी वाजवली. माईंनी दार उघडलं, पदर सावरला. "कोणतं गाव?"

"कळसाडी."

"काय करतस?"

"मास्तर शे."

माईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बठा. चहा लेशात ना?"

आप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्यांचे.

"रोज पसंत करस," ते हळूच म्हणाले. "आजपावत एकदाबी नही म्हनेल नही."