धान पलटणीतला गद्दार

गोंदियात दोघांची नजर चुकवता येत नाही. एक रेल्वेचा टीसी आणि दुसरा मी. त्यातला टीसी कधीकधी डुलकी घेतो. मी कवडू, खाजगी गुप्तहेर. पोटापाण्यासाठी झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवतो, पण ते वरवरचं. माणसाच्या रेशन कार्डाची झेरॉक्स काढता काढता मी त्याचं गाव, धंदा आणि घरात खाणारी तोंडं ओळखतो. हे सगळं रेशन कार्डावर लिहिलेलंच असतं असं माझा सहायक राजदीप म्हणतो, पण सहायकांना खुसपट काढायची सवयच असते.

माझं व्हिजिटिंग कार्ड मी स्वतः लॅमिनेट केलं आहे. एकच आहे, त्यामुळे दाखवून परत घेतो. माझं गाजलेलं प्रकरण म्हणजे देवरीच्या एका मास्तरांची हरवलेली म्हैस. मी तपास हाती घेतल्याचं कळताच म्हैस आपणहून गोठ्यात येऊन उभी राहिली. गुन्हेगारांवर माझा असा वचक आहे.

आता ज्या प्रकरणाने माझं नाव तिरोड्यापर्यंत पोचलं, ते सांगतो. साल २०११, रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. माझ्या दुकानाला लागून इंदरलालचा इंटरनेट कॅफे होता आणि तिथे रोज दुसरं महायुद्ध चालायचं. म्हणजे गेम. जगभरातले लोक आपापल्या मशीनवर बसून एकाच मैदानात उतरायचे, निम्मे या फौजेत, निम्मे त्या. फ्रान्समधलं कुठलंसं खेडं, मध्ये नदी, नदीवर पूल. पूल घेतला की जिंकलं. आमच्या कॅफेतली पाच पोरं स्वतःला ‘धान पलटण’ म्हणवून घ्यायची. समोरच्या फौजेत तिरोड्याच्या एका कॅफेतली पोरं असायची, आणि ती आमच्या पोरांना रोज धुऊन काढायची.

एका दुपारी इंदरलालने मला बोलावून घेतलं. पलटणीचा कप्तान खुमेंद्र, चांगला उंचापुरा गडी, टेबलावर डोकं टेकून बसला होता.

“कवडूभाऊ, आमच्यात गद्दार हाय,” तो म्हणाला. “आमी कुठंबी लपलो का दोन मिनिटात तिरोडेवाले तिथं बम टाकून रायले. दुसरीकडं पाहतच नाही. सीधा आमच्यावर. कोणीतरी सांगून रायला तेयले.”

“मले गद्दारगिद्दार माहीत नाही,” इंदरलाल म्हणाला. “हे रोज हरते, रोज भांडते, माऊस आपटते. रविवारच्या मॅचमधी हरले तं गेमच उडवून टाकतो. मंग मशीनवर नोकरीचे फारम भरा.”

खुमेंद्रचा चेहरा पाहवेना. गावाकडून रोज सायकल हाणत तो त्या पुलासाठी गोंदियाला यायचा. नोकरीचे फॉर्मही भरायचा, पण तिथूनही त्याच्या हाती कधी काही लागलं नव्हतं. निदान पूल तरी मिळावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मी खिशातून भिंग काढलं आणि कामाला लागलो.

माझा पहिला निष्कर्ष असा की तिरोडेवाले कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यातून आपल्याकडे बघतात. मी पाचही मशीनच्या कॅमेऱ्यांवर जाड चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी एकही स्क्रीन सुरू होईना. त्या मशीनना कॅमेरे नव्हतेच, मी स्क्रीनची बटणं बुजवली होती. इंदरलाल बराच वेळ बोलला. मी ते मनावर घेतलं नाही. एक शक्यता बाद झाली होती आणि तपासात बाद करणं फार महत्त्वाचं असतं.

दुसरा निष्कर्ष जास्त खोल होता. समोरच्या राईस मिलचा भोंगा वाजला की थोड्याच वेळात पलटण मरायची. भोंगा म्हणजे तिरोड्याला जाणारा इशारा, हे मी ओळखलं आणि मिलमध्ये शिरून मॅनेजरची उलटतपासणी घेतली.

“भोंगा कायले वाजवता?”

“जेवाची सुट्टी होते म्हणून.”

“कोणाची?”

“मजुरायची. तुमाले का वाटलं, माही?”

माणूस सराईत होता, शब्दात सापडला नाही. मिलमधून परत येताना राजदीप म्हणाला, “भाऊ, तिरोडा तीस किलोमीटर हाय. तिथं भोंगा आयकू जाईन का?” मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा पोरगा मला भोंग्यापासून दूर नेऊ पाहत होता. का बरं?

तिथून तिसरा निष्कर्ष आपोआप सुचला. राजदीप माझा सहायक, पण तो धान पलटणीतही खेळायचा. मी चार लढाया त्यांच्या मागे उभं राहून पाहिल्या. दर वेळी चौघे मरायचे आणि राजदीप जिवंत राहायचा. दर वेळी. सहायकाला पकडायला जीव होत नव्हता, पण गुप्तहेराला मन नसतं. भर कॅफेत मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

“माहं मशीन सगळ्यात जुनं हाय ना गा भाऊ,” राजदीप म्हणाला. “सारखं हँग होते. मी लपाच्या जागेवर पोचतो तवापर्यंत हे मरून जाते. म्हणून मी वाचतो.”

“प्रत्येक गद्दार असंच म्हणतो,” मी म्हणालो.

खुमेंद्रने त्याला पलटणीतून काढून टाकलं. राजदीपने माझं लॅमिनेशन मशीन पुसून ठेवलं, दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं. चहासुद्धा मलाच आणावा लागला.

रविवारी दोन डाव व्हायचे होते. पाचवी खुर्ची रिकामी, म्हणून तिथे मी बसलो. मला एकच बटण माहीत होतं, पुढे जायचं. राजदीप दाराबाहेर बाकावर येऊन बसला होता आणि खिडकीतून बघत होता.

पहिला डाव आम्ही हरलो. लपलो, दोन मिनिटं गेली, बॉम्ब पडले, मेलो. गद्दार तर बाहेर बसलेला. मी विचारात पडलो. कॅफेतल्या पंख्यावर मला आधीपासूनच संशय होता. मी खुर्चीवर चढून तो तपासत असताना खुमेंद्रची आई, फुलवंताबाई, आत आल्या. पायांना चिखल, लुगडं खोचलेलं. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा लागलेला आणि पोरगा घरातून गायब.

“बाया खोळंबून रायल्या बांधीत, आन तू इथं टीव्ही पाहून रायला?” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. आपण कसे मेलो ते खुमेंद्र झालेला डाव पुन्हा लावून पोरांना दाखवत होता. “हा कोण होय?”

“मी होय माय. लपलो हावो.”

“तणसीच्या ढिगामांगं?”

“हो.”

“आन काल?”

“तितंच.”

“परवा?”

खुमेंद्रने माऊसवरचा हात काढला. मीही खुर्चीवरून खाली उतरलो. त्या फ्रान्सच्या खेड्यात शेत होतं, शेतात तणसीचा, म्हणजे वाळल्या गवताचा, भला मोठा ढीग होता, आणि धान पलटण रोज, न चुकता, त्याच्याच मागे जाऊन बसत होती. घर, विहीर, भिंती, झाडी, सगळं सोडून.

“लहानपणी लपाछपीत बी तू तितंच लपे,” फुलवंताबाई म्हणाल्या. “सारे पोट्टे पयले तितंच पाहत. आन हे तिरोड्याचे पोट्टे का मोसंब्याच्या बागातले होत? तेयच्या घरी बी धान हाय, तणीस हाय. तेयले नाही समजन?”

“दुसरीकडं भेव लागते माय,” खुमेंद्र हळूच म्हणाला. बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.

खुमेंद्र उठला, बाहेर गेला आणि राजदीपच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आत घेऊन आला. “चुकलं गा आमचं,” म्हणाला. राजदीप आपल्या हँग होणाऱ्या मशीनवर बसला. मला इंदरलालने काउंटरचं मशीन दिलं. मुकाट बसेन एवढीच त्याची अपेक्षा होती.

दुसरा डाव सुरू झाला. बाईंचं म्हणणं मला पटलेलं नव्हतं. एवढं सोपं उत्तर खरं असू शकत नाही. पलटण विहिरीकडे वळली, मी पुढे जायचं बटण दाबून धरलं. माझा शिपाई नाकासमोर चालत गेला आणि थेट तणसीच्या ढिगात रुतून बसला. बटण सोडलं तरी निघेना.

मग सगळी तिरोडा फौज तिथे लोटली. असतील नसतील तेवढे बॉम्ब त्यांनी त्या ढिगावर रिकामे केले. पलटण पुलाकडे धावली. मागाहून तिरोडेवालेही तिथे पोचले, धुमश्चक्री झाली, आमचे चौघे पडले, समोरच्या बाजूचेही पडले. पूल रिकामा राहिला. आणि तेव्हा, सगळं संपल्यावर, हँग होत होत राजदीपचा शिपाई पोचला. निवांत चालत पुलावर गेला आणि झेंडा लावला.

खुमेंद्रने राजदीपला खुर्चीसकट उचललं. त्याचे डोळे भरून आले होते. इंदरलाल म्हणाला, “एक तेयचा, एक तुमचा, बराबरी झाली. ठीक हाय, राहू दे गेम.” तणसीत मी मुद्दाम शिरलो होतो, तो माझा सापळा होता, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. राजदीपने माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाची किल्ली मागून घेतली.

“झाला खेळ?” फुलवंताबाई म्हणाल्या. “आता चाला रोवण्याले. सारेच चाला. हे पंखेवाले भाऊ बी.”

त्या दिवशी धान पलटणीने गुडघाभर चिखलात धान रोवलं. जेवणं झाली आणि पुन्हा बांधीत उतरायची वेळ आली, तर खुमेंद्र गायब. मी लगेच सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं, भिंग काढलं आणि बांधावरची पावलं तपासायला वाकलो. पावलं म्हशीची निघाली, तिच्यावर मला आधीपासून संशय होताच.

फुलवंताबाईंनी मान वर न करता राजदीपला हाताने खूण केली. राजदीप शेताकडेच्या गोठ्यामागे गेला, तणसीच्या ढिगातून बाहेर आलेला एक पाय धरला आणि ओढला.