तेरडा निर्मूलन पथक, झिंडेलफिंगेन

आधी आला तो मालक आणि नंतर आलं ते तण, या तत्त्वावर जग चाललं आहे. वाद असतो तो फक्त तारखेचा. जर्मनीने तोही मिटवला : १४९२ नंतर आलेली वनस्पती परकी. (बटाटाही नंतरच आला, पण तो लगेच कामाला लागला.)

सध्याचा मुख्य आरोपी म्हणजे हिमालयातून आलेला गुलाबी तेरडा. ओढ्याकाठच्या देशी गवताला त्याने जगणं मुश्कील केलं, म्हणून तो उपटायला 'स्थानिक रक्षक' नेमले गेले. सहापैकी पाच रक्षक परदेशात जन्मलेले. कारण अस्सल स्थानिक शनिवारी मायोर्का बेटावर सुट्टीला असतात. (तिथले लोक त्यांना उपटण्याच्या विचारात आहेत.)

या पाचांत आमचा दत्ता. मूळ गाव चिपळूण, स्थानिकत्व चार वर्षं, प्रशिक्षण चार तास, हिरवं जाकीट एक. शंभर तास तण उपटलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि ते जोडलं की नागरिकत्वाची फाइल धावत सुटते, हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिद्ध झालेलं आहे. दत्ताचे सत्त्याण्णव तास भरले होते.

अशा नाजूक वेळी गौरी आल्या. दत्ताच्या सासूबाई, प्रभाताई, नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्या. लेकीच्या घरी पहिली तेरड्याची गौर बसवायचीच, या हट्टाने त्या थेट ओढ्यावर पोचल्या.

"अहो जावईबापू, हा बघा, रानभर माजलाय! आणि तुम्ही म्हणे इथे काही मिळत नाही!"

कवळाभर तेरडा घेऊन त्या घराकडे निघाल्या. तण वाहून नेणं हा नियमभंग. पथकप्रमुख हेर (म्हणजे श्रीयुत) क्नेपलर आडवे आले.

"या बाई तुमच्याबरोबर आहेत?"

दत्ताने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "नाइन. नवीन आलेल्या दिसतात."

"आल्झो, असं तर," म्हणत हेर क्नेपलरांनी तेरडा काळ्या पिशवीत कोंबला आणि पिशवीला गाठ मारली.

प्रभाताईंना जर्मन येत नाही; पण 'नाइन' म्हणजे 'नाही', एवढं दोन महिन्यांत कोणालाही येतं.

"तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा तीन मिनिटंही टिकला नाही."

गौर त्या वर्षी बसली नाही. दत्ताला प्रमाणपत्र मिळालं. त्यात 'परकी प्रजाती अचूक ओळखतात' असा खास शेरा आहे.

वाचकहो, हसायला काहीच हरकत नाही. फक्त त्याआधी, आपल्या सोसायटीत परवा राहायला आलेल्या भाडेकरूला 'मूळचे कुठले हो तुम्ही?' असं विचारणारे आपण, १४९२ च्या आधीचे आहोत ना, एवढं बघून घ्यावं.